नऊ पिशव्यांचं ऋण

माझी नोकरी दुधाच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे ज्यांनी मला घडवलं त्यांची नावं घ्यायची तर आमच्या वरिष्ठ केमिस्टचं नाव पहिलं येईल. पण त्यांच्याही मागे आणखी एक माणूस उभा आहे आणि त्याला भेटणं मला शक्यच नव्हतं. विल्यम सीली गॉसेट १९३७ साली वारले. डब्लिनच्या गिनेस कंपनीत ते बिअर बनवण्याच्या खात्यात होते. त्यांचं आणि माझं नातं एवढंच, की ते रसायनशास्त्र शिकून कारखान्यात लागले आणि मीही तसाच लागलो. त्यांच्यापुढे जो प्रश्न आला तो त्यांनी सोडवला, आणि त्या उत्तरावर माझ्या रोजच्या कामातले निर्णय उभे राहिले.

बी.एस्सी.ला संख्याशास्त्र हा माझा जोडविषय होता. एका सरासरीची चाचणी आम्हाला पाकक्रियेसारखी पाठ होती. नमुन्याची सरासरी घ्या, गृहीत धरलेली सरासरी तिच्यातून वजा करा, आलेल्या फरकाला स्टँडर्ड एररने भागा, पुस्तकाच्या मागचा तक्ता उघडा. उत्तर तक्त्यातल्या आकड्यापेक्षा मोठं आलं तर 'शून्य गृहीतक फेटाळले' असं लिहून त्याखाली रेघ ओढा. गुण बरे मिळाले. फेटाळलं म्हणजे नेमकं काय झालं, असं कुणी विचारलं असतं तर मात्र मी गप्प बसलो असतो. तो तक्ता कुणी केला आणि कशासाठी केला, हा प्रश्न मला पडलाही नव्हता. शिकवणाऱ्या सरांकडे मी शंका घेऊन गेलो असतो तर त्यांनी नक्की समजावलं असतं. पण शंका यायलाही थोडं कळावं लागतं, आणि माझं तेवढंही झालं नव्हतं.

दूध संघाच्या डेअरीत लागलो तेव्हा हाताची कामं जमत होती. ब्युटायरोमीटरमध्ये ॲसिड, दूध आणि अमाइल अल्कोहोल घालून सेंट्रिफ्यूज फिरवायचं आणि फॅट वाचायचं, लॅक्टोमीटर लावून एसएनएफ, म्हणजे फॅटशिवायचे घन घटक, काढायचे, यात अडचण नव्हती. पुढे पॅकिंगकडच्या पिशव्या तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. अर्धा लिटरच्या पिशवीत खरोखर किती दूध भरलं जातं ते पाहायचं. पिशवी वजन करायची, प्लास्टिकचं वजन वजा करायचं आणि दुधाच्या घनतेने, म्हणजे साधारण १.०३ ने, भागायचं. सरासरी ५०० मिलिलिटरच्या खाली गेली तर गिऱ्हाईक फसतं आणि कायद्याचाही बडगा येतो. वर गेली तर संघाचं दूध फुकट जातं. दिवसाला हजारो पिशव्या निघतात, तेव्हा पिशवीमागे दोन मिलिलिटर हा फरक लहान राहत नाही.

वरिष्ठ केमिस्टना सगळी डेअरी अण्णा म्हणायची. त्यांच्या टेबलावर मी पहिल्यांदा आकडे ठेवले तेव्हा त्यात फक्त सरासरी होती. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अरे, सरासरी सांगितलीस. पण या पिशव्या आपसात किती लांब आहेत ते सांग की. आणि मोजल्यास किती?"

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एक हिशोब मांडला. समजा, नऊ पिशव्या मोजल्या आणि सरासरी ४९८ आली. पिशव्यापिशव्यांतली तफावत, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ६ मिलिलिटर आहे. नऊचं वर्गमूळ तीन. सहाला तीनने भागलं की स्टँडर्ड एरर २. सरासरी ५०० पासून दोनने खाली आहे, म्हणून टी, म्हणजे फरक भागिले स्टँडर्ड एरर, उणे १. मशीन खरोखर ५०० वर लागलेलं असतं, तरी नऊ पिशव्यांची सरासरी इतकी किंवा याहून खाली शंभरात सतराएक वेळा दिसलीच असती. एवढ्यावरून मशीनला हात लावायचं कारण नाही. आता सरासरी तीच ४९८ ठेवू, पण तफावत फक्त दीड मिलिलिटर धरू. स्टँडर्ड एरर अर्धा मिलिलिटर होतो आणि टी उणे ४. मशीन ठीक असताना असं हजारात दोनदाच दिसेल. आता मात्र फिटरला बोलवायचं.

दोन्हीकडे सरासरी एकच, आणि निर्णय उलटे. कॉलेजात पाठ केलेल्या सूत्राचा अर्थ मला त्या कागदावर कळला. चाचणी मशीन बिघडलंय की नाही हे सांगत नाही. 'मशीन ठीक आहे' असं धरून चाललो, तर समोर आलेले आकडे कितपत अनपेक्षित आहेत, एवढंच ती सांगते. बाकीचं शहाणपण माणसाने वापरायचं असतं.

या हिशोबाचा पहिला फायदा पॅकिंगच्या मुलांना झाला. पूर्वी सरासरी जरा खाली दिसली की ऑपरेटर भरण वाढवायचा, जरा वर गेली की कमी करायचा. मुळात जो चढउतार आपसूक होतच असतो त्याच्यामागे असं धावलं, की तो आणखी वाढतो. आम्ही तक्ता लावून ठेवला आणि मशीनला उगाच हात लावणं थांबलं.

अण्णांनीच मला गॉसेट यांची गोष्ट सांगितली. बाकीची मी हळूहळू वाचली. १८७६ साली कँटरबरीला जन्म, ऑक्सफर्डला रसायन आणि गणित, आणि १८९९ साली गिनेसमध्ये नोकरी. बार्ली, हॉप्स, माल्ट यांचे प्रयोग करताना त्यांच्या हाती नमुने थोडे असायचे. कधी चार, कधी दहा. त्या काळचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर चाले. शेकड्यांनी मोजमापं असली तर नमुन्यातून काढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन खऱ्याच्या जवळ असतं आणि नॉर्मल वक्राचा तक्ता चालून जातो. चार नमुन्यांत तसं होत नाही. सरासरी डळमळीत असतेच, पण तिला ज्या मापाने मोजायचं ते मापही डळमळीत असतं. हा दुहेरी संशय हिशोबात कसा धरायचा, हा त्यांचा प्रश्न होता.

१९०६ साली कंपनीने त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्याकडे शिकायला पाठवलं. १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून त्यावर लेखकाचं नाव 'स्टुडंट' असं छापलं गेलं. सूत्र बरोबर आहे का, हे त्यांनी हाताने पडताळून पाहिलं. तीन हजार कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी त्यांनी कार्डांवर उतरवली, कार्डं पिसली, चार-चारचे ७५० गट पाडले आणि प्रत्येक गटाचा हिशोब केला. संगणक तर सोडाच, आमच्या प्रयोगशाळेत होता तसला साधा कॅल्क्युलेटरही त्यांच्याकडे नव्हता. मी नऊ पिशव्यांचं वर्गमूळ काढायला कंटाळायचो. हे वाचल्यावर तो कंटाळा गेला.

पुढे रोनाल्ड फिशर यांनी त्या सूत्राची रीतसर सिद्धता दिली, 'डिग्री ऑफ फ्रीडम'ची कल्पना आणून त्याला आज आपण वापरतो ते टीचं रूप दिलं, आणि १९२५ च्या आपल्या पुस्तकातून ते जगभरच्या प्रयोगशाळांत पोचवलं. टीच्या तक्त्याचं सार थोडक्यात सांगता येतं. नमुने भरपूर असतील तर दोन्ही बाजूंच्या पाच टक्क्यांची सीमा, म्हणजे गृहीतक खरं असताना टी जिच्यापलीकडे शंभरात पाचदाच जाईल ती, १.९६ असते. नमुने दहा असतील तर ती २.२६ होते, चारच असतील तर ३.१८. माहिती जितकी थोडी तितका पुरावा जास्त ठसठशीत हवा.

गॉसेट यांच्या निबंधातलं एक उदाहरण मला फार उपयोगी पडलं. अमेरिकेत मिशिगनच्या एका मनोरुग्णालयात दहा रुग्णांवर झोपेच्या औषधांचा प्रयोग झाला होता. एका औषधाने झोप सरासरी ०.७५ तासाने वाढली, दुसऱ्याने २.३३ तासांनी. आजच्या रीतीने पाहिलं तर पहिल्याचा टी १.३३ येतो, दुसऱ्याचा ३.६८. पहिल्या औषधाबद्दल ठाम बोलता येत नाही, दुसऱ्याबद्दल येतं. गंमत अशी, की त्या निबंधात औषधांची नावं चुकीची पडली आणि तीच पुढे फिशर यांच्या पुस्तकातही गेली. आकडेमोडीला त्याचा पत्ता लागला नाही, लागणारही नव्हता. तेव्हापासून आकडे हातात घेण्याआधी मी बाटलीवरची चिठ्ठी वाचतो.

दुसरं वळण एका गावच्या दूध संस्थेमुळे आलं. संस्थेच्या सचिवांनी नवं पशुखाद्य सहा गायींना घालून पाहिलं होतं. फॅट सरासरी ०.२ टक्क्याने वाढलेलं दिसत होतं. काहींचं बरंच वाढलं होतं, दोघींचं उलट घटलं होतं. प्रत्येक गाईचा आधीचा आणि नंतरचा फरक घेतला की प्रश्न एकाच सरासरीचा उरतो: खरा सरासरी फरक शून्य असू शकेल का? तफावत ०.३५ होती. टी १.४ आला. सहा गायींना, वाढ झाली का एवढंच पाहायचं तर, २.०१५ लागतो.

सचिव म्हणाले, "म्हणजे साहेब, खाद्याचा उपयोग नाही असं लिहून द्या."

मी म्हटलं, "तसंही लिहिता येत नाही, दादा. उपयोग आहे असं या सहा गायींवरून ठरत नाही, इतकंच."

त्यांना ते उत्तर पळवाटेचं वाटलं. त्यांचा राग मला समजत होता, कारण काही वर्षांपूर्वी मलाही ते तसंच वाटलं असतं. शून्य गृहीतक फेटाळता आलं नाही म्हणजे ते सिद्ध झालं असं नव्हे. ०.२ टक्क्याची खरी वाढ असेल आणि ती पाचात चार वेळा आपल्या नजरेस पडावी असं वाटत असेल, तर वीसएक गायी लागल्या असत्या, हे मी त्यांना हिशोब करून दाखवलं. शिवाय वेत पुढे सरकेल तसं फॅट आपोआप चढतं. म्हणून निम्म्या गायी जुन्याच खाद्यावर ठेवायला हव्या होत्या. प्रयोगच तसा आखलेला नसेल तर टी-टेस्टने तो सुधारत नाही.

गृहीतक केव्हा सोडायचं आणि केव्हा नाही, हा प्रश्न गॉसेट यांच्याही मनात होता. १९२६ साली कार्ल पिअर्सन यांचे चिरंजीव एगॉन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सुचवलं, की गृहीतक सोडायचं तर त्याच्या जागी अधिक पटेल असं दुसरं काही समोर असायला हवं. त्या धाग्यावरून एगॉन पिअर्सन आणि येझी नेमन यांनी चाचण्यांचा नवा सिद्धांत उभा केला. कारखान्यातला माणूस असल्याने गॉसेट यांना आणखी एक भान होतं: किती खात्री हवी हे एका ठराविक टक्क्याने ठरत नाही, चूक झाल्यास किती नुकसान आणि बरोबर निघाल्यास किती लाभ यावर ते ठरतं. गायींच्या हिशोबानंतर मी अहवालात फरकाच्या शेजारी त्याची पैशांतली किंमतही लिहू लागलो.

हे ज्ञान आपल्याकडे आणणाऱ्यांचंही ऋण आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, गॉसेट जिथे शिकायला गेले होते त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, आणि परत येऊन त्यांनी शेतीच्या नमुना पाहणीचं काम उभं केलं. कोल्हापूरचे वसंतराव हुजुरबाजार यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग सुरू केला. माझ्यासारख्याला जोडविषय म्हणून जे सहज मिळालं, त्यामागे अशा माणसांचे कष्ट होते.

पुढे नवीन मुलं माझ्या हाताखाली आली तेव्हा अण्णांचेच प्रश्न मी त्यांना विचारले. नमुने मशीन सुरू झाल्याझाल्या एकदम घेतले की शिफ्टभर विखरून घेतले? आकडा मनासारखा येईना म्हणून पुन्हा पिशव्या तर उचलल्या नाहीत ना? पुन्हापुन्हा नमुने काढून हवा तो निकाल मिळवता येतो. तशी गळ मलाही कधीकधी घातली गेली. पाच टक्क्यांची सीमा म्हणजे सत्य-असत्याची सीमा नव्हे, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली जाहीर निवेदन काढून बजावलं. ते वाचताना मला अण्णांच्या पाठकोऱ्या कागदाचीच उजळणी झाल्यासारखं वाटलं.

माझ्या हातून मोठं काही झालं नाही. थोड्या पुराव्यावर किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे मला कारखान्यातल्या एका अबोल केमिस्टने आणि त्याला वाचलेल्या अण्णांनी शिकवलं. हे ऋण फेडता येणार नाही, पुढे देता येईल. म्हणून वाचकांना एकच विनंती. औषधाची, बियाण्याची, शिकवणीच्या निकालाची, कशाचीही सरासरी कुणी समोर ठेवली, तर तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारा: किती जणांवरून काढली, त्यांच्यात आपसात फरक किती होता, आणि ते निवडले कसे. उत्तर मिळालं नाही तर ती सरासरी अजून विश्वासाला पात्र झालेली नाही.