काटा खाली आला तेव्हा

दर गुरुवारी आम्ही चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरच्या बाजूला ओपीडीसाठी जातो. औषधांची खोकी, ईसीजीचं मशीन, सिस्टर आणि मी, एवढं सगळं एका जुन्या व्हॅनमध्ये मावतं. मे महिन्यात या व्हॅनचं इंजिन गेलं. एका गॅरेजमध्ये सेकंडहँड इंजिन बसवून घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात नवी तक्रार सुरू झाली. सपाटीला गाडी ठीक, घाट लागला की तापमानाचा काटा वर. गॅरेजवाल्यांनी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग सेन्सर. दोन्ही वेळा बिल झालं, दुखणं होतं तिथेच. (हसू नका, आम्ही डॉक्टरही हे करतो. निदान न करता अँटिबायोटिक बदलत राहणं याच जातीचं.)

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी भर पावसात घाट चढताना काटा लालपर्यंत गेला. ड्रायव्हरकाकांनी गाडी हळू केली. थोड्या वेळाने काटा झरकन खाली आला. "उतरला बघा साहेब," काका म्हणाले. मीही निःश्वास सोडला. पुढच्या दोन वळणांत गोडसर वास आला आणि सीटखालून वाफ येऊ लागली.

काका फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. त्यांना मी अक्षरशः ओढून मागे घेतलं. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण बंद झाकणाखाली साधारण एक बार दाब असला तर ते 120 अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी उकळत तोंडावर येतं. असे भाजलेले चेहरे मी पाहिलेत. कोणाला भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको.

ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. ते चिपळूणहून वर आले, पण आल्या आल्या त्यांनी कशालाच हात लावला नाही. इंजिन थंड व्हायची वाट पाहत प्रश्न विचारत बसले. जुनं इंजिन कशाने गेलं? नवं बसवल्यावर कूलंट कोणी भरलं, तेव्हा गाडी सपाटीला होती का? हीटर चालू केला तर गरम हवा येते का? शेवटच्या प्रश्नावर काका हसले, कोकणात हीटर कोण लावतो! पण काच पुसट होते म्हणून मागच्या आठवड्यात लावला होता, आणि इंजिन तापलेलं असूनही हवा गार आली होती. मिस्त्रींनी मान डोलावली. हीटरमध्ये इंजिनचंच गरम पाणी फिरतं. इंजिन तापलंय आणि हीटर गार, म्हणजे तिथपर्यंत पाणी पोहोचतच नाही.

मग तपासणी. डिपस्टिक काढून ऑइल पाहिलं. ते चहासारखं दुधाळ दिसलं असतं तर ऑइलमध्ये पाणी, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट गेलं. ऑइल स्वच्छ होतं. गाडी टोचन करून खाली आणल्यावर रेडिएटरला हातपंप लावून दाब दिला आणि काटा पडतो का ते पाहिलं. दाब टिकला, म्हणजे गळती नव्हती. पाणी भरून इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली. इंजिनातला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. निळाच राहिला. आमच्या लॅबपेक्षा लवकर रिपोर्ट.

दोष दोन निघाले. आमच्या व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे आणि मधे लांब पाइप. इंजिन बसवल्यावर वरून नुसतं पाणी ओतलं होतं, आतली हवा बाहेर काढलीच नव्हती. दुसरा दोष झाकणात. त्याची स्प्रिंग मेलेली, त्यामुळे दाब धरत नव्हतं, घाटात पाणी लवकर उकळायचं आणि वाफ होऊन निघून जायचं. हे झाकण जुन्याच इंजिनाच्या वेळचं. इंजिन बदललं, पण त्याला बहुधा ज्याने मारलं ते जागेवरच राहिलं.

नवं झाकण आलं. गाडीचं तोंड चढाला करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण सावकाश भरलं. थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पाऊण तास गेला.

"पण मग काटा खाली कसा आला?" मी विचारलं.

"साहेब, सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाणी संपलं, तो कोरडा पडला. काट्याला वाटलं गार झालं."

हे ऐकून मी गप्प झालो, कारण मला जुलैमधला एक मुलगा आठवला. कॉलेजात शिकणारा, चार दिवस ताप, डेंग्यू पॉझिटिव्ह. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगून त्याच्या आईला मी म्हणालो होतो, "ताप उतरला नाही तर परत या." पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. आईने माझं ऐकलं आणि आणलं नाही. रात्री तो आला तेव्हा पोटात कळा, उलट्या, हातपाय गार आणि नाडी अगदी क्षीण. दोन दिवस आयसीयूत काढून तो वाचला. चूक आईची नव्हती, माझ्या वाक्याची होती.

डेंग्यूत रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधून रक्तातला पातळ भाग पोटात, छातीत झिरपू शकतो. बाहेर एक थेंब दिसत नाही. आणि हे घडतं ते बहुतेकदा ताप उतरण्याच्या सुमारास, त्यानंतरच्या 24 ते 48 तासांत. घरचे थर्मामीटर पाहून पेढे वाटतात किंवा नुसते प्लेटलेट्स मोजत बसतात. आम्ही मात्र तेव्हा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय, तेही पाहत असतो.

आता माझ्या डेंग्यूच्या प्रत्येक चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात असतं: ताप उतरला तरी त्याच दिवशी दाखवायला या. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले किंवा माणूस गळून गेला, तर रात्र असली तरी या. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नका.

राहिलेलं कूलंट काकांनी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलं होतं. ते मी ओतून घेतलं. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, आणि मूत्रपिंडं निकामी करतं. ते मूळ डब्यात, कुलपात. पातळी मात्र काका रोज सकाळी इंजिन थंड असताना पाहतात, काटा कुठेही असो.