मधली इयत्ता

परक्या भाषेचा पहिला वर्ग उत्साहात सरतो. अभिवादने, आकडे, वारांची नावे, चार भाज्या आणि दोन गाणी एवढे पदरात पडले की विद्यार्थ्याला आपण मोठीच मजल मारली असे वाटू लागते. शेवटचा वर्ग फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि जे तिथवर पोचतात त्यांना शिक्षकाची फारशी गरज उरलेली नसते. खरी कसोटी असते ती मधल्या इयत्तेत. तिथे नवलाई संपलेली असते आणि ग्रंथ अजून उघडलेला नसतो. कोणत्याही महाविद्यालयातील स्पॅनिशचा वर्ग पाहावा. बाके रिकामी होऊ लागतात ती याच इयत्तेत.

ही इयत्ता रायपूरच्या तेलीबांध्यातील एखाद्या मराठी घरात बसून पाहिली, तर तिचे स्वरूप थोडे निराळे दिसते. तेली आणि बांधा, म्हणजे तलाव, अशा दोन साध्या शब्दांचे हे नाव. तलावाकाठी आता फरसबंद वाट झाली आहे आणि लोक त्या काठाला मरीन ड्राइव्ह म्हणतात. धमतरीला जाणारी अरुंद मापाची आगगाडी एके काळी येथे थांबत असे, ती आता येथून धावत नाही. छत्तीसगढात मराठी माणूस स्थिरावला तो अठराव्या शतकात, भोसल्यांच्या अमलाबरोबर. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, पण घरे राहिली. त्या घरांतील आजच्या तरुणाची भाषिक वाटणी ठरून गेली आहे. शाळेची हिंदी, बाजारातली छत्तीसगढी, नोकरीची इंग्रजी. आणि मराठी आजीशी बोलण्यापुरती. मराठी येते असे तो सांगतो, परंतु ती त्याने कधी शिकलेली नसते. तिला व्याकरण आहे, याची त्याला कल्पनाही नसते.

असा विद्यार्थी स्पॅनिशच्या मधल्या इयत्तेत येतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा इंग्रजी माध्यमाचे पुस्तक असते. ते पुस्तक त्याला बजावते की स्पॅनिशमध्ये ‘आवडणे’ हे क्रियापद उलटे चालते. ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्यात कॉफी हा कर्ता आणि आवडणारा माणूस चतुर्थीत. आंबे अनेक असले तर क्रियापदही अनेकवचनी होते, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. विद्यार्थी हा उलटेपणा घोकू लागतो. पण उलटे कोणाच्या दृष्टीने? ‘मला कॉफी आवडते’, ‘मला आंबे आवडतात’ असे त्याची आजी रोज म्हणते. जे इंग्रजीला उफराटे वाटते, ते मराठीला सरळच असते.

असे दाखले एकदोन नाहीत. स्पॅनिशमध्ये घर पाहिले तर कर्माला काही लागत नाही, माणसाला पाहिले तर कर्माआधी ‘आ’ हे अव्यय येते. इंग्रजी पुस्तक यासाठी एक संपूर्ण धडा खर्ची घालते. मराठीत ‘मी तळे पाहतो’, परंतु ‘मी शेजारणीला पाहतो’; सजीव आणि निर्जीव यांतील हा विवेक ‘ला’ या प्रत्ययाने केव्हाच सांभाळला आहे. ‘किएरो के बेंगास’ या वाक्यातील संकेतार्थी रूपापाशी निम्मा वर्ग अडखळतो. ‘तू यावेस असे मला वाटते’ यातील ‘यावेस’ त्याच जागी उभे असते, आणि द्वितीय पुरुषाची खूण दोन्हीकडे ‘स’ हीच असते. फुटलेल्या पेल्याबद्दल स्पॅनिश माणूस ‘से मे कायो एल बासो’ म्हणतो. पेला पडला, आपण तो पाडला नाही. फार तर आपल्याला तो पडून गेला. ‘माझ्या हातून पेला पडला’ असे म्हणणाऱ्या माणसाला या वाक्यातील संकोच समजावून द्यावा लागत नाही. भूतकाळाचेही तेच. ‘फुए’ म्हणजे गेला. ‘इबा’ म्हणजे जाई, जात असे, किंवा जात होता. मराठीचा रीतिभूतकाळ आता बोलण्यातून मागे पडत चालला आहे; आजोबा रोज तळ्यावर ‘जात’, हे रूप नातवाला जुनाट वाटते. स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ त्याला त्याच रूपापाशी परत आणतो.

शब्दांची सोयरीक तर उघडच आहे. पोर्तुगीजांच्या मार्गाने मराठीत आलेले पगार, चावी, साबण, घमेले, बिजागरी हे शब्द स्पॅनिशमध्ये आपल्या भावंडांच्या रूपाने भेटतात. पगार तेथे क्रियापद आहे, ‘पैसे देणे’. आपल्याकडे ते दर महिन्याला वाट पाहायला लावणारे नाम झाले.

मात्र या सोयरिकीचा अतिरेकही करू नये. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन ‘असणे’पुढे मराठीचे एकटे ‘आहे’ तोकडे पडते. कंटाळवाणा माणूस आणि कंटाळलेला माणूस यांतील भेद मराठी विशेषणाने दाखवते, स्पॅनिश क्रियापदाने. मृत्यूही तेथे ‘एस्तार’ने सांगितला जातो, तो स्वभाव नव्हे, अवस्था आहे. येथे घरची भाषा हात देत नाही. परंतु ती कोठे हात देत नाही हे कळणे, हेही तिचेच ज्ञान होय.

मधली इयत्ता ओलांडणाऱ्या मराठी माणसाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे. वर्धा, नागपूर आणि रायपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. गदर चळवळीतील हा क्रांतिकारक चाळिशीच्या आसपास मेक्सिकोत पोचला, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर त्याने संशोधन केले आणि ते स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केले. शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा निघाल्या, त्यांतही त्यांचा पुढाकार होता. दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात त्यांची छबी आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले. 1967 मध्ये नागपूरला त्यांचे निधन झाले आणि 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्याला शेतकऱ्याशी मक्याविषयी बोलायचे असते, त्याला ‘माझे नाव अमुक’ एवढ्यावर थांबता येत नाही. पाऊस यावा, बियाणे टिकावे, हे सगळे संकेतार्थातच बोलावे लागते. शेतीची भाषा मुळातच मधल्या इयत्तेची असते.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांना यात एक गंभीर प्रश्न आहे. रवींद्रनाथांचा ‘क्रेसेंट मून’ 1915 मध्ये सेनोबिया काम्प्रुबी यांनी स्पॅनिशमध्ये नेला, तो इंग्रजीवरून. स्पॅनिश साहित्य मराठीत आले, तेही पुष्कळदा इंग्रजीच्या पुलावरून. पुलाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण पूल आपला जकातनाकाही मांडतो, आणि ‘उलटे’ हा शब्द त्या नाक्यावरचा शिक्का आहे. दोन भारतीय भाषांमध्ये थेट वाट पाडणारे लोक याच प्रदेशात होऊन गेले. 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्र्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, तेव्हा त्यांना तिसऱ्या भाषेची परवानगी लागली नाही.

स्पॅनिश शिकून तेलीबांध्याचा तरुण नोकरी मिळवील, परदेशी जाईल, किंवा यांपैकी काहीच घडणार नाही. परंतु ज्या वर्गात त्याला ‘गुस्तार’ कळले, त्याच वर्गात ‘आवडणे’ही प्रथमच कळले, आणि आजीशी बोलण्यापुरती उरलेली मराठी त्याला विचार करण्याजोगी वाटू लागली. एवढे झाले तरी मधल्या इयत्तेचे शुल्क वसूल झाले असे म्हणावे.