बेसन भाजताना

आश्विनात आमच्या घरातली पुस्तकं काही दिवस देवाची होत. नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचं आवाहन व्हायचं. चौरंगावर पोथ्या, आमची शाळेची पुस्तकं, बाबांची हिशेबाची वही आणि आजोबांचं शाईचं पेन मांडलं जायचं, आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन होईपर्यंत लिहिणं-वाचणं बंद. भावंडं खुशीत असत, मला मात्र अक्षरांची भूक लागायची. वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद उलगडून मी कोपऱ्यात वाचत बसे. मग दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिला झेंडू वाहायचा, आणि पुस्तक परत हाती यायचं. त्याच्या पुठ्ठ्यावर कुंकवाची बोटं उमटलेली असत. वाचनाचा असा उपास घडवणारी रीत ज्यांनी घातली ते शहाणे होते असं मला मनापासून वाटतं. जे रोज हाताशी असतं त्याची किंमत ते चौरंगावर जाऊन बसल्यावर कळते.

दसऱ्यानंतर साताऱ्यात ऊन चटका देऊ लागतं. पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं आणि दुपारी अंगाची काहिली होते. जावळीकडून येणारे लोक भात पिवळा पडल्याचं सांगतात. याच दिवसांत मी पुस्तकांचं कपाट रिकामं करते. पावसाळ्यानं पानं दमट झालेली असतात, एखाद्या बांधणीत कसर शिरलेली असते. गच्चीवर सतरंजी घालून पुस्तकं उघडी ठेवायची, थेट उन्हात नाही, कठड्याच्या सावलीत, म्हणजे मुखपृष्ठाचे रंग उडत नाहीत. संध्याकाळी एकेक झटकून, वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून परत लावायची. दिवस मोडतो, कारण प्रत्येक पुस्तक दोन पानं वाचून घेतल्याशिवाय हातातून सुटत नाही.

त्यातच एकदा आईचा एक जुना दिवाळी अंक निघाला. मुखपृष्ठ गेलेलं, टाचण्या गंजलेल्या. एका कथेच्या शेवटच्या पानाच्या समासात तिनं पेन्सिलनं लिहिलं होतं: तांदूळ ४, ह. डाळ २, उडीद १, धने अर्धी, जिरे मूठ. चकलीच्या भाजणीचं हे प्रमाण त्या वर्षी बरं जमलं असणार. आणि त्याच्या खाली, त्याच पेन्सिलनं, त्याच तिरक्या अक्षरात: शेवट पटला नाही.

कथा नवऱ्याचं घर सोडून गेलेल्या एका बाईची होती. शेवटी ती परत येते, दार उघडं असतं, आणि लेखकानं तिथेच तिला थांबवली होती. आईला तो शेवट का पटला नसेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. चार वर्गांच्या पुढं न शिकलेल्या माझ्या आईनं लिहिलेली एवढीच समीक्षा माझ्याजवळ आहे, आणि ती एका भाजणीच्या आधारानं टिकली.

मराठीतला पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली काढला, 'मासिक मनोरंजन'चा. त्यांच्या त्या धाडसाबद्दल मला अपार कृतज्ञता वाटते. घर जेव्हा सगळ्यांत जास्त कामात असतं, तळण, सारवण, पाहुणे, हिशेब, ऐन त्या आठवड्यात जाडजूड वाचन घरात आणून टाकायचं! सवड मिळेल तेव्हा वाचा, असं त्यात नव्हतं. कामाच्या मधोमध वाचा, असं होतं. आणि लोक वाचत राहिले. पुढं 'मौज', 'हंस', 'आवाज', दीनानाथ दलालांच्या चित्रांनी सजलेली 'दीपावली', मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर', अशी रांगच लागली. आमच्याकडे एखादाच अंक विकत यायचा. बाकीचे वाचनालयातून, वर्गणी भरून, आळीपाळीनं, होळीपर्यंत पुरायचे.

अंक घरात आला की आधी आजोबा, मग बाबा, मग काका, मग आम्ही मुलं. आईच्या हाती तो पडायला तुळशीचं लग्न उजाडायचं. यात कुणाला काही गैर वाटत नसे. मला आज वाटतं, आणि ते लिहून ठेवायला हवं.

पण आईनं यातून वाट काढली होती, ती बेसनाची. चकल्या तळताना मंद आचेवर घाणा सोडला की मिनिटभर डोळे वर करता येतात. लाडवाचं बेसन भाजताना ते जमत नाही. कढईत तूप पडलं की उलथनं थांबवायचं नाही. थांबलं की तळाला लागतं आणि सगळ्या लाडवांना करपट वास येतो. अर्धा-पाऊण तास बाई कढईला बांधलेली. म्हणून त्या वेळेला मी ओट्याशेजारी पाटावर बसून मोठ्यानं वाचायचं, असा आईचा नियम होता. काकांकडून अंक तेवढ्यापुरता मागून आणायचा. सुरुवातीला बेसन कच्चं, जड, उलथन्याला चिकटणारं असतं. तेव्हा ती निमूट ऐके. मग ते सैल होतं, तूप सुटू लागतं, घरभर खमंग वास पसरतो. तेव्हा तिचे प्रश्न सुरू व्हायचे. "ती असं का म्हणाली ग?" "हा मघाचाच का, की दुसरा?" दुधाचा हबका मारला की कढई फसफसून उठायची आणि त्या आवाजात वाक्य बुडायचं. मग मी ते पुन्हा वाचायची.

मी लिहायला शिकले ती तिथं. श्वास कुठं घ्यायचा, स्वल्पविराम कशाला असतो, कुठल्या वाक्याचं शेवटचं टोक येईपर्यंत पहिलं हातातून निसटतं, हे मला शाळेनं शिकवलं नाही. उलथन्याच्या तालात जे वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नसे, ते आई सरळ सोडून देई. आजही लिहिलेलं मी मोठ्यानं वाचते आणि तिचा हात थांबला असता का, याचा विचार करते.

घराच्या गजबजाटात लेखन फुलतं असं कुणी गोड करून सांगू लागलं की मला बेबी कांबळे आठवतात. आमच्याच जिल्ह्यात, फलटणला, त्या दुकान चालवत. माल बांधायला आलेली रद्दी वाचायच्या, आणि गल्ल्याशी बसून, घरच्यांना कळू न देता 'जिणं आमुचं' लिहीत राहिल्या. ती पानं बाहेर यायला वर्षानुवर्षं गेली. ते आधी 'स्त्री' मासिकातून आलं, आणि पुस्तक १९८६ साली. तिकडे जळगावकडे बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, पण त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि गाणी १९५२ साली छापून आली. एका घरानं बाईचे शब्द उतरून घेतले, दुसऱ्या घरात ते लपवावे लागले. घर म्हटलं की दोन्ही शक्यता त्यात असतात. कुठली खरी होणार, हे त्या घरात कोण कुणासाठी हातातलं काम बाजूला ठेवतं यावर ठरतं.

आमच्याकडे आता बेसन माझे यजमान भाजतात. गेल्या काही दिवाळ्यांत त्यांचा हात चांगला बसला आहे, आच कधी कमी करायची ते मला विचारत नाहीत. मी पाटाऐवजी खुर्ची घेऊन बसते आणि वाचते. लेक बंगळुरूहून फोनवर ऐकत असते. तिकडं तिच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होतात आणि एखादं वाक्य परत वाचावं लागतं. मागल्या दिवाळीत मी आईचा तो जुना अंक काढला आणि परत आलेल्या बाईची कथा दोघांना वाचून दाखवली. यजमान म्हणाले, "मला तर पटला शेवट. घरी आली ना बिचारी." लेक फोनवरून लगेच तुटून पडली. "पण बाबा, ती आल्यावर त्यानं काय केलं, ते कुठंय? उठून पाणी तरी दिलं का तिला?"

यावर आमचं बेसन गार होईपर्यंत भांडण चाललं. लाडू दुसऱ्या दिवशी वळले.