भट्टी, भाचा आणि ५० अंश

रांजणगाव एमआयडीसीत पोरगं चिकटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "कंपनी कोणती?" माझ्या भाच्याच्या कंपनीचं नाव सांगून कुणाला काही कळत नाही. पत्र्याच्या शेडमधला छोटा कारखाना, आणि माल काय, तर स्टीलमध्ये बांधलेलं कार्बाइड! दौंडला ताईने तर सरळ विचारलं, "दादा, हा नक्की करतो काय रे?" तेव्हा ही पोस्ट मुख्यतः ताईसाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

लेथवर काम केलेल्यांना 'विडिया' माहीत असतो. जर्मनीच्या क्रुपने १९२०च्या दशकात बाजारात आणलेलं हे टंगस्टन कार्बाइड, कोबाल्टने बांधलेलं. नावाचा अर्थ 'हिऱ्यासारखं'. आपल्या शिरूरच्या काळ्या पाषाणात बोअर घेणाऱ्या गाडीच्या बिटावर जी बटणं असतात ना, तीही याच जातीची. पण एकदा भट्टीतून निघालं की त्याला आकार द्यायला हिऱ्याचं चाक लागतं. भाच्याकडच्या मालात टायटॅनियम कार्बाइड वजनाने साधारण एक तृतीयांश, बाकी टूल स्टील. ते मऊ करून नेहमीच्या मशीनवर कापता येतं आणि मग तापवून तेलात बुडवलं की कडकपणा ७० रॉकवेलच्या आसपास जातो. डाय-पंच करणाऱ्यांना आणखी काय हवं?

सगळा घोळ सिंटरिंगच्या तापमानात असतो. पूड दाबून केलेला ठोकळा व्हॅक्यूम भट्टीत साधारण १३५० ते १४५० अंशांपर्यंत नेतात. कार्बाइड तिथे वितळत नाही, त्याला ३०००च्या वर जावं लागतं. स्टील मात्र पातळ होऊन दाण्यांच्या फटीत शिरतं, दाण्यांना जवळ ओढतं आणि ठोकळा आक्रसतो. तापमान कमी पडलं तर आत भोकं राहतात. जास्त झालं तर बारीक दाणे पातळ स्टीलमध्ये विरघळून मोठ्या दाण्यांवर जाऊन बसतात (इथेही मोठेच मोठे होतात!). दाणे एकमेकांना चिकटतात, मधलं स्टील बाहेर पाझरतं, ताकद जाते.

दाजींची वीटभट्टी आहे. ते लगेच म्हणाले, "म्हणजे कमी भाजली तर कच्ची वीट, जास्त भाजली तर खंगर." अगदी! मग थांबून म्हणाले, "पण खंगर डोळ्याला दिसतो. तुमचा कसा ओळखायचा?"

मुद्द्याचा प्रश्न हाच, कारण गेल्या पावसाळ्यात एक अख्खी खेप वाया गेली. वरून ठोकळे छान होते, गिऱ्हाइकाकडे डायचे कोपरे तुटले. रात्रपाळी भाच्याची होती, म्हणून "पोराने भट्टी नीट चालवली नाही" असं ठरलं आणि आठवड्याचा पगार कापला. नोकरीही जाणार अशी चिन्हं होती.

रविवारी तो चौफुला-न्हावरा रस्त्याने शिरूरला माझ्याकडे आला. खिशात तुटका तुकडा, मोबाइलमध्ये नोंदवहीच्या पानांचे फोटो. दर १० मिनिटांनी नोंद, सगळीकडे १४००. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. एका मित्राच्या लॅबमध्ये तुकडा घासून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला. दाणे नको तेवढे वाढलेले, एकमेकांना टेकलेले. म्हणजे भट्टी कमी नाही, जास्त तापली होती. भाचा म्हणाला, "मामा, ठोकळ्यांखालच्या प्लेटवर धातूचे थेंब होते. मी ते पण लिहिलंय." खरंच लिहिलं होतं. वाचलं कुणी नव्हतं.

थर्मोकपल जुनं झालं की बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. कंट्रोलर बिचारा त्यावर विश्वास ठेवून आणखी वीज देत राहतो. भाच्याने मालकांना दुसरं, तपासून आणलेलं थर्मोकपल शेजारी लावून पाहायची विनंती केली. दोन दिवस टाळाटाळ झाली. शेवटी लावलं. जुनं १४०० दाखवत होतं तेव्हा नवं १४५०च्या घरात!

नवं थर्मोकपल बसलंय, नोकरी टिकली. कापलेला पगार अजून आलेला नाही. ताई एक दिवसाआड फोन करून विचारते. दाजींचं म्हणणं, पोराने आता त्या थेंबांबद्दल लिहून वहीवर मालकांची सही घेत जावी. या महिन्यापासून तो घेतो.