नेच्याचें दुसरें आयुष्य

फूल नाहीं, फळ नाहीं, बीं नाहीं. तेव्हां नेच्यास आपल्या संसारांत मान तो कसा मिळावा? पूजेच्या तबकांत त्याला जागा नाहीं. वैद्यांनीं हंसराजाला औषधांत घेतलें आणि झाडांच्या खोडांस चिकटून राहणाऱ्या एका नेच्यास लोकांनीं बाशिंग असें थाटाचें नांव दिलें, एवढाच काय तो अपवाद. बाकी पावसाळा सरला कीं भिंतींच्या सांदींतून नेचे उपटणें, हें आम्ही गृहस्थ लोक स्वच्छतेचें काम समजतों.

युरोपांतील जुन्या लोकांस मात्र हें बीं नसणें पटेना. झाड आहे, त्या अर्थीं बीं असलेंच पाहिजे. दिसत नाहीं, त्या अर्थीं तें अदृश्य असावें. आणि जो तें जवळ बाळगील तोहि अदृश्य होईल! तर्कशास्त्राचा इतका मनोहर दुरुपयोग क्वचितच पाहावयास मिळतो. खरा उलगडा 1851 सालीं हॉफमाइस्टर यानें केला. लाइपझिगचा हा तरुण तेव्हां तिशीचाहि नव्हता. घरचा धंदा संगीतग्रंथांचा, आणि वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केवळ स्वतःच्या हौसेनें केलेला. नेचा एक नव्हे, दोन आयुष्यें जगतो, असें त्यानें दाखविलें.

पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसतात. कित्येक जण रोग समजून तीं पानें तोडतात. पण त्या ठिपक्यांत धुळीसारखे बारीक बीजाणु असतात. बीजाणु ओलींत रुजला म्हणजे त्यांतून नेचा उगवत नाहीं. उगवतो तो नखाहून लहान, बहुधा हृदयाच्या आकाराचा, एक चपटा हिरवा तुकडा. मोठ्या नेच्याच्या अंगांत पाणी चढविणाऱ्या शिरा असतात. ह्या बापड्याला शिरा नाहींत, खरें मूळहि नाहीं. परंतु स्त्रीबीज आणि पुंबीज तयार होतात तीं ह्याच्याच अंगावर. मळसूत्री आकाराचें तें पुंबीज पाण्यांतून पोहत स्त्रीबीजापर्यंत पोंचतें, तेव्हां कोठें नवा नेचा जन्मास येतो. पाण्याचा पापुद्रा कितीहि पातळ असला तरी चालतो. पण तो असावा लागतो. म्हणून हातभर लांब पानांचा वंश कोठें चालावयाचा, हें पुष्कळदां ह्या नखाएवढ्या जीवाच्या ओलीवर ठरतें.

ह्या उपेक्षिताचा एक गुण तर अगदीं अलीकडे कळला. 2001 सालीं फ्लोरिडांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, सोमलानें दूषित झालेल्या जमिनींत एक नेचा खुशाल वाढतो व जमिनींतलें सोमल शोषून आपल्या पानांत साठवितो. त्याचें शास्त्रीय नांव टेरिस व्हिटाटा. चुन्याची त्याला आवड. जुन्या बांधकामांत तो हटकून दिसतो, आणि आमच्या विहिरींतहि आहे.

त्या विहिरीस आतून सिमेंटचा गिलावा करण्याचें घरांत घाटत आहे. मुळ्यांनीं चुना सुटतो, ही चिरंजीवांची तक्रार खोटी नाहीं. पाण्यालगतचे चार थर तेवढे उघडे ठेवावे, असें आम्हीं सुचविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.