प्रुफांच्या दिवसांतला टॅबलेट

१८ ऑगस्ट २०२५, सातारा
भाऊजींनी त्यांचा तेरा इंची आयपॅड प्रो कीबोर्ड-पेन्सिलीसकट दिवाळीपर्यंत वापरायला दिला. दिवाळी अंकाची प्रुफं आता येऊ लागतील. लॅपटॉप न उघडता नुसत्या ह्यावर काम निभतं का, ते बघायचंय. नुसता टॅबलेट ५७९ ग्रॅम, हातात धरला तर खरं वाटत नाही. पण कीबोर्ड लावून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर सव्वा किलोच्या आसपास. तेरा इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे, माझा लॅपटॉपही साधारण तेवढाच. वजनासाठी टॅबलेट घ्यायचा तर कीबोर्ड मागे ठेवायची तयारी हवी.

२२ ऑगस्ट
स्वारगेटच्या एस.टी.त बसायला जागा मिळाली. समोरची सीट इतकी जवळ की लॅपटॉपचं झाकण पुरतं उघडत नाही. कीबोर्ड काढून पिशवीत टाकला आणि खंबाटकी येईपर्यंत एक कथा वाचून, खुणा करून झाली. लॅपटॉपवर हे जमलं नसतं.

२५ ऑगस्ट
पहिला फॉर्म आला, सोळा पानं. आजचा दिवस नीट लिहून ठेवावासा वाटतो. लॅपटॉपचा पडदा आडवा, त्यावर अंकाचं पान पुरं मावत नाही. वरचा अर्धा भाग वाचायचा, मग खाली सरकवायचं, आणि त्यात ओळींमधलं अंतर, परिच्छेदाच्या शेवटी उरलेला एकुलता शब्द, कॉलमांची उंची ह्या गोष्टी नजरेतून निसटतात. टॅबलेट उभा धरला की पान जवळजवळ खऱ्या मापात समोर येतं. रफार चुकीच्या अक्षरावर बसलाय का, अनुस्वार वेलांटीत बुडालाय का, ते दोन बोटांनी मोठं करून तपासता येतं. काकपद घालायचं, समासात दुरुस्ती लिहायची, लाल शाईने. हात जसा कागदावर चालायचा तसाच चालतो. माऊसने पीडीएफवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवताना मन मजकुरापेक्षा चिठ्ठीतच जास्त गुंतायचं. आता वाचनात खंड पडत नाही. संध्याकाळी पानं पुण्याला व्हॉट्सॲपवर गेली. डीटीपीवाल्या काकांचा फोन आला, “ताई, ह्या खुणा लगेच कळतात. अशाच पाठवत जा.” मुद्रितशोधनासाठी इतकं चांगलं साधन मी आजवर वापरलेलं नाही.

३० ऑगस्ट
घरात गणपती, तरी एका ज्येष्ठ लेखकांचा लेख बघावा लागला. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. लेख जुन्या, नॉन-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेला. त्या पद्धतीत संगणक साठवतो रोमन अक्षरांचेच क्रमांक. फाँट फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. फाँट नसेल तर मराठी उरतच नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणणारा माझा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. लॅपटॉप काढावा लागला. आपल्याकडचं किती लेखन असं एकेका फाँटच्या दावणीला बांधलेलं आहे! लेखकांनी, मासिकांनी ते सोडवून घ्यायलाच हवं. टॅबलेटसाठी नव्हे, ते लेखन पुढे वाचता यावं म्हणून.

४ सप्टेंबर
वर्डचा नियम असा, की १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर साधं संपादन फुकट, त्याहून मोठ्या पडद्याला वर्गणी. म्हणजे मोठ्या टॅबलेटच्या खर्चात तीही धरायची. वर्गणी माझी आहेच, आणि बदलांची नोंद ठेवून संपादन करणं ठीक जमतं. मॅक्रो मात्र चालत नाहीत. दुहेरी मोकळ्या जागा, विरामचिन्हांआधीची फट, अवतरणचिन्हं हे सगळं मी एका मॅक्रोने साफ करते. ते हाताने करायचं तर एका लेखात दुपार जाते.

१६ सप्टेंबर
आयपॅडओएस २६ कालच आली, रात्री भरून घेतली. आता खिडक्या हव्या त्या मापाच्या करता येतात, वर मेनूची पट्टीही आली. डावीकडे मूळ संहिता, उजवीकडे प्रूफ, कोपऱ्यात शब्दकोश. खूप मोकळं वाटलं. पण माझी अडचण खिडक्यांची कधीच नव्हती. मांडणीचं इनडिझाइन आयपॅडवर नाही, मॅक्रो नाहीत, जुना फाँट बदलणारा प्रोग्रॅम नाही. यंत्राची ताकद लॅपटॉपच्या तोडीची आहे, हे मान्य. अडतं ते कामाच्या साखळीत, आणि तिची प्रत्येक कडी विंडोजवर घडलेली आहे.

२१ सप्टेंबर
पुतणीचा फोन. एम.ए.चा प्रबंध सुरू होतोय, एकच वस्तू घ्यायची आहे. “काकू, बाबांसारखा आयपॅडच घेऊ का?” आम्ही फोनवरच हिशेब मांडला. तेरा इंची एम ४ आयपॅड प्रोची बाजारात आला तेव्हाची किंमत १,२९,९००, कीबोर्ड ३३,९००, पेन्सिल ११,९००, एकूण १,७५,७००. एम ४ मॅकबुक एअर ९९,९०० पासून. विंडोजचे हलके लॅपटॉप त्याहून स्वस्तही मिळतात. तिला तळटिपा, संदर्भसूची, शेवटी विद्यापीठाच्या साच्यात बसवलेली फाइल, हे सगळं करायचं आहे. तिला लॅपटॉपच घे म्हटलं, आणि तोही विंडोजचा, कारण तिच्या मार्गदर्शक बाईंच्या फायली अजून जुन्या फाँटमध्येच येतात. जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं वाचून खुणा करायच्या असतील तेव्हा पेनाचा साधा टॅबलेट नंतर घेता येईल. आधी टॅबलेट घेतला तर प्रबंध लिहायला बसल्यावर लॅपटॉप घ्यावाच लागेल.