सरकारमान्य गरवणं

इंग्लंडच्या सरकारनं मला मासे पकडायला परवानगी दिली आहे! ऑफिसात सांगून झालं, शेजारी सांगून झालं, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पोह्यांच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी काकूंनाही सांगून झालं. कुणाला फारसं कौतुक वाटलेलं दिसत नाही, म्हणून आता लिहूनच काढते.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे. गरवायला जायचं म्हणजे गरी, तंगूस, आमिषाला कोळंबी आणि खडकावर बसायला बेताची जागा, एवढाच सरंजाम. त्याला कागद लागतो असं तिथं कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. इथं रेडिंगला केनेट नदी थेम्सला मिळते. काठावर हिरव्या छत्र्यांखाली तासन्‌तास बसलेली माणसं बघून माझे हात शिवशिवायला लागले आणि चौकशी केली, तर इंग्लंड-वेल्समध्ये गोड्या पाण्यात गळ टाकायला ‘रॉड लायसन्स’ लागतंच.

आणि ते मिळवणं केवढं सोपं! शासनाच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, पैसे, झालं. एका दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा बारा महिन्यांचं. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना फुकट, पण काढावं लागतंच; त्याहून लहानांना लागतच नाही. सॅमन आणि सी ट्राउटसाठी मात्र वेगळं आणि महाग लायसन्स. ते घेतलं की वर्षाचा हिशेब द्यायचा, किती मासे मिळाले त्याचा, आणि एकही मिळाला नसला तरी द्यायचा! न मिळालेल्या माशांचीही सरकारदरबारी नोंद! इतकी वर्षं इथं राहते, पण हा देश मनापासून आवडला तो हे वाचून.

लायसन्स मिळालं म्हणजे नदी मिळाली, असं नाही हं. काठ कुणाच्या तरी मालकीचा असतो, नाहीतर मासेमारीचा हक्क एखाद्या क्लबाकडे असतो. मग क्लबाचं सभासद व्हायचं किंवा दिवसाचं तिकीट काढायचं. टेडिंग्टनच्या खाली, जिथं थेम्सला भरती-ओहोटी लागते, तिथं बहुतेक ठिकाणी नुसत्या लायसन्सवर भागतं. समुद्रात गरवायला तर लायसन्सच नको. (स्कॉटलंडचं सगळं निराळं, तिकडे मी अजून वळलेले नाही.)

पण खरी मजा पुढेच आहे. नियम वाचायला घेतले ते कर्तव्य म्हणून, आणि रात्री दोनपर्यंत वाचतच बसले. एका लायसन्सवर दोन काठ्या, काठी सोडून चहाला जायचं नाही, हे ठीकच. पुढचा नियम शिशाच्या वजनांचा: ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतचं शिसं दोरीला लावायला बंदी. असले विचित्र आकडे कुठून आले? शोधलं तर त्यामागे हंस निघाले! हंस दाणे दळण्यासाठी पोटात बारीक खडे घेतात, आणि खडे समजून गळकऱ्यांनी सांडलेलं शिसं गिळायचे. थेम्सवर हंस शिशाच्या विषबाधेनं मरायला लागले, तेव्हा १९८७ मध्ये ही बंदी आली आणि त्यांची संख्या पुन्हा सावरली. २८.३५ ग्रॅम म्हणजे एक औंस. त्याहून जड शिसं हंसाच्या गळ्याखाली उतरत नाही, म्हणून ते चालतं, आणि ०.०६ ग्रॅमहून हलकं म्हणजे निव्वळ कण. त्या रात्रीपासून केनेटवरच्या प्रत्येक हंसाकडे मी ओळखीच्या नजरेनं बघते.

मग पाइक. दात विचकणारा, पाण्यातला दरोडेखोर. नदीतून दिवसाला एक पाइक नेता येतो, पण तो पासष्ट सेंटिमीटरपर्यंतचा. त्याहून मोठा असेल तर सोडून द्यायचा! मोठा सोडायचा? आमच्याकडे मोठा मासा गावभर मिरवतात. पण पाइकमध्ये मोठी असते ती मादी, आणि जेवढी मोठी मादी तेवढी अंडी जास्त. सगळं तिच्या पोटात आहे, गाभोळीसकट. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, म्हणजे लहानांना अभय. इथं पाइकच्या बाबतीत थोरांना अभय. मला दोन्ही पटतात, आणि सुरमईला दोन्हीकडून अभय मिळालं तर आमच्या घरी काय शिजेल, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवते.

वाम लागली तर? सोडायची. लहान, मोठी, कसलीही. कारण युरोपातल्या नद्यांमधली वाम अंडी घालायला अटलांटिक ओलांडून सारगासो समुद्रापर्यंत जाते! तिची अगदी लहान पिल्लं त्या समुद्रात सापडतात हे योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं जहाजावरून जाळी टाकून शोधलं आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथून पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत इथल्या नद्यांत परततात. आज ही जात नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. केनेटच्या चिखलात वळवळणारी वाम एवढ्या लांबच्या प्रवासाची तयारी करत असेल, तर तिला कालवणात घालायची कुणाची छाती होईल?

माझ्या लायसन्सचे पैसे कुठे जातात तेही शोधून काढलं. नॉटिंगहॅमशायरमध्ये कॅल्व्हर्टन इथं सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. तिथं रोच, बार्बेल, चब वाढवून नद्यांत सोडतात. आपल्याकडे लोणावळ्याला वळवण तलावाशी टाटा पॉवर महसीरची पिल्लं तयार करतं, तशातलंच हे. म्हणजे उद्या मला लागेल तो बार्बेल थोडासा माझ्याच पैशांचा असू शकतो!

हे सगळं बाबांना फोनवर सांगत होते. ते शांतपणे म्हणाले, “आणि धरलेला सोडतंस? मगे धरतंस कित्याक?” मी बराच वेळ समजावलं. ओल्या हातानं मासा कसा धरायचा, गरी अलगद कशी काढायची, तो शेपटी मारून जातो तेव्हा कसं वाटतं. पलीकडून एवढंच आलं, “बरा. बाजारातसून बांगडे तरी हाड.” आणले.

बंद हंगामाचं मात्र त्यांना लगेच पटलं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून नवा हंगाम धरतात. इंग्लंडच्या नद्यांत १५ मार्च ते १५ जून गळ टाकायचा नाही. ट्राउट आणि सॅमनच्या तारखा वेगळ्या. मुंडेला नावाच्या शेफील्डच्या खासदारामुळे १८७८ मध्ये हा कायदा झाला. इथले मासे वसंतात अंडी घालतात, म्हणून सुट्टीही वसंतात. तळ्यांवर आणि बहुतेक कालव्यांवर आता हे बंधन नाही, त्यामुळे सध्या मी तळ्याकाठी हात बसवते आहे. जवळून कुणी गणवेशातला माणूस गेला की फोन पुढे करायच्या तयारीत असते, पण अजून एकानंही लायसन्स मागितलेलं नाही. मागा हो कुणीतरी!

तेव्हा इंग्लंडातल्या मंडळींनो, लायसन्स काढा. बिनपरवाना सापडलात तर दंड अडीच हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. ते शासनाच्या संकेतस्थळावरूनच घ्या, मधले दलाल उगीच जास्त पैसे लावतात. क्लबाला आधी विचारा, शिसं घरी ठेवा, पोरांना बरोबर आणा. नदी १६ जूनला उघडते.